हातचा एक, बाकी सगळे परिषदेला

महिन्यातून एकदा आमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते. परिषद म्हटलं की बाहेरच्या माणसाला लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि देशोदेशींचे झेंडे दिसू लागतात. आमची परिषद निफाड तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीच्या बाकांवर बसून होते. मोठी बाकं गावातल्या कुठल्या तरी लग्नाला गेलेली असतात. पंचेचाळिशी ओलांडलेला, बीपीची गोळी चालू असलेला गुरुजी तिसरीच्या बाकावर बसवला की त्याचे गुडघे हनुवटीशी येतात आणि तो आपोआप चिंतनात मग्न दिसतो. अहवालाला जोडायच्या फोटोत हे फार छान येतं.

मागे एकदा परिषदेचा विषय होता ‘गणित अध्यापनाचे सामूहिक नियोजन’. आदल्या रात्री ग्रुपवर निरोप आला : ‘विषय अत्यंत महत्त्वाचा असून अनुपस्थिती गांभीर्याने घेण्यात येईल.’ उपस्थितीही कोणी गांभीर्याने घेईल, असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. निरोपाखाली ओळीने ‘ओके सर’, मग जोडलेले हात आणि मधेच कोणाच्या तरी मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या मुलाच्या आईने आभार मानले ते ‘ओके सर’ असेच. सवय.

कल्पना वाईट नाही, हे आधी सांगतो. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख. महिन्यातून एक दिवस सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसायचं, कुठला घटक कसा शिकवला, पोरं कुठे अडली, पुढे काय करू या, हे बोलायचं. पूर्वी याला गटसंमेलन म्हणत. नाव बदललं, बाकं तीच राहिली. आणि गरज तर खरीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या शाळेत चार वर्ग आणि दोन माणसं. त्यातला एक मतदारयादीच्या कामावर. अशा शाळेत गणिताचं सामूहिक नियोजन करायचं म्हणजे मी आणि माझी टाचणवही एवढाच समूह उरतो आणि त्यात टाचणवही कधी विरोध करत नाही.

विरोध करणारं कोणी तरी हवं असतं, एवढंच खरं तर या सगळ्या नियोजनाचं मर्म आहे. ते सोडून बाकी सगळ्याची सोय परिषदेत असते.

याचा एक नमुना आम्ही आधीही पाहिला होता. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला आणि ज्ञानरचनावादाची लाट उसळली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. तिथल्या शिक्षकांनी एकत्र बसून, खपून काम उभं केलं होतं. तिथे फरशीवर संख्या आखलेल्या होत्या, मुलं त्यावर बसून आपापलं शिकत होती. आमच्याकडची मंडळीही बघून आली, भारावून आली आणि येताना फरशीच्या रंगाचा शेड नंबर घेऊन आली. पंधरा दिवसांत केंद्रातल्या फरश्या रंगल्या. एकत्र बसण्याचा शेड नंबर कोणी विचारला नव्हता.

नाही म्हणायला एकदा अख्खा महाराष्ट्र गणिताच्या सामूहिक नियोजनाला बसला होता. २०१९ च्या जूनमध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं होतं. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बाई त्या समितीवर होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आपण बोलताना आधी एकक म्हणतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, त्यात पोरं गोंधळतात. दुसरीला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ‘त्रेसष्ट’ सांगितलं की निम्मा वर्ग आधी तीन लिहितो आणि मग सहाला जागा शोधतो. पण दुसरीला शिकवणाऱ्या बाईंना कोणी विचारलं नाही. विचारलं ते चॅनेलवाल्यांना, आमदारांना, रिक्षावाल्यांना आणि ज्यांनी शाळा सोडल्यापासून त्रेसष्ट हा आकडा फक्त बिलावर पाहिला होता अशा सर्वांना. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हतीच, पण पुस्तक उघडून बघितलं तर चर्चेतली मजा जाते, हे आम्हा परिषदवाल्यांना पाठ आहे.

तर परिषद. अकराची वेळ असते. साडेअकराला दीपप्रज्वलन होतं, कारण अकराला काडेपेटी सापडत नाही. मग स्वागत, प्रास्ताविक, मागच्या परिषदेच्या इतिवृत्ताचं वाचन. इतिवृत्तात ‘सखोल चर्चा झाली’ हे वाक्य कायम असतं. कशावर झाली हे दर महिन्याला बदलतं, सखोलपणा बदलत नाही.

या काळात खरं गणित स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी चाललेलं असतं. यजमान शाळेचे सर आणि दोन बाई मिसळीचा हिशेब करत असतात. नाशिक जिल्ह्यात मिसळीशिवाय परिषदेचा कोरम पूर्ण होत नाही. माणसं त्रेचाळीस, माणशी तीन पाव, म्हणजे एकशे एकोणतीस. लादी सहा पावांची. भागाकार एकवीस, बाकी तीन. इथे एक बाई क्षणभरही न थांबता म्हणाल्या, “बावीस लाद्या सांगा.” उरलेल्या तीन पावांचं काय, तर मतदारयादीवाले सर उशिरा येणार आहेत, त्यांना. भागाकारातल्या बाकीचा व्यवहारात अर्थ लावता येणं ही गणितातली फार मोठी अध्ययन निष्पत्ती आहे आणि ती इथे, कांदा चिरता चिरता, साध्य झाली होती. त्यानंतर तासाभराने तंत्रस्नेही सरांनी पीपीटी लावली. त्यात पहिलंच उदाहरण : एका बसमध्ये इतकी मुलं, तर सहलीला किती बस लागतील? मघाच्याच बाईंनी हात वर करून बाकी अपूर्णांकात सांगितली. पावांच्या लाद्या मागवणारी बाई वेगळी आणि प्रशिक्षणात बसलेली बाई वेगळी. त्या दोघींची कधी गाठच पडत नाही.

पीपीटी संपली की गटकार्य. चार्ट पेपर, स्केचपेन आणि गटांना नावं. आर्यभट्ट गट, भास्कराचार्य गट, रामानुजन गट, शकुंतलादेवी गट. यावर मागच्या बाकावरून एक आवाज आला. आमच्या केंद्रात एक गुरुजी आहेत, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. ते सहसा बोलत नाहीत, कारण बोलले की काम मागे लागतं, हे त्यांनी सेवेच्या पहिल्याच वर्षी ताडलं होतं. ते म्हणाले, “साहेब, देवळाली आपल्याच जिल्ह्यात ना? मग कापरेकर गट का नाही?”

साहेब म्हणाले, “करू की. उशिरा आलेल्यांचा करू.”

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत मास्तर होते. पोरांना शिकवून झालं की संख्यांशी खेळत बसायचे. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, म्हणून बऱ्याच विद्वानांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा देवळालीच्या या निवृत्त मास्तरांचं नाव जगभर पोचलं. नाशिकला ते अजून नीट पोचायचं आहे.

त्यांचा प्रसिद्ध आकडा ६१७४. कृती अशी : कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. येत्या सिंहस्थाचं २०२७ घ्या. ७२२० वजा ०२२७, आले ६९९३. मग ६२६४. मग ४१७६. मग ६१७४. चार पायऱ्यांत रामकुंड. आमच्या शासननिर्णयाचं २०१५ घेतलं तर ५०८५, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग कुठे ६१७४. पूर्ण सात पायऱ्या, म्हणजे नियमाने जेवढ्या लागू शकतात तेवढ्या सगळ्या. शासननिर्णयाकडून याहून वेगळी अपेक्षाही नव्हती.

आता, शिक्षकांची बैठकही या नियमाबाहेर नाही. कोणताही विषय घ्या, सात पायऱ्यांच्या आत ती जुन्या पेन्शनवर येते आणि तिथेच राहते. त्या दिवशी मी पायऱ्या मोजल्या. भास्कराचार्य गटाला वजाबाकीचं शाब्दिक उदाहरण तयार करायचं होतं, परिसराशी जोडलेलं. परिसर निफाडचा, त्यामुळे आंबे, पेरू, चेंडू ही पुस्तकी मंडळी बाद होऊन कांदा आला. एका शेतकऱ्याने पस्तीस क्विंटल कांदा लासलगावला नेला. भाव काय धरायचा? इथून पुढे गटातले शिक्षक गेले आणि शेतकरी उरले. लाल धरायचा की उन्हाळ? आजचा भाव की मागच्या सोमवारचा? गोल्टी निघाली असेल ती धरायची का? हमाली-तोलाई वजा करायची ना? वजाबाकीचंच उदाहरण असल्यामुळे सगळं वजा केलं : बियाणं, खत, मजुरी, गाडीभाडं. उत्तर ऋण आलं. ऋण संख्या सहावीत येतात, प्राथमिकला चालत नाहीत, म्हणून उदाहरण रद्द झालं. मग कोणी तरी म्हणालं, शेतीत राम नाही, आपली नोकरीच बरी. दुसरं कोणी म्हणालं, नोकरीत तरी काय राहिलंय. तिसऱ्याने विचारलं, तुम्ही कधी लागलात? आणि १ नोव्हेंबर २००५ ही तारीख उच्चारली गेली. त्या तारखेच्या आधी लागलेले एकीकडे, नंतर लागलेले दुसरीकडे. गटाची पुनर्रचना आपोआप झाली. चार्ट पेपर कोराच होता. त्यावर एका बाईंनी सुंदर अक्षरात ‘गणित आपला मित्र’ असं लिहून चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली. सादरीकरणात त्या गटाला टाळ्या सर्वांत जास्त मिळाल्या.

मग चहा.

खरं सामूहिक नियोजन झालं ते इथे आणि ते नियोजन आहे हे त्यातल्या कोणालाही माहीत नव्हतं. व्हरांड्यात आम्ही तिघे-चौघे उभे होतो. नव्याने बदलून आलेल्या एका मॅडमनी पर्समधून चौथीतल्या मुलाची वही काढली. वही सोबत घेऊन फिरणारी बाई मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

“सर, हे बघा ना. पोरगा हुशार आहे. बाकी सगळं येतं. पण हातच्याची वजाबाकी आली की प्रत्येक गणित चुकतं. आणि चुकतं तेसुद्धा दहानेच. ना नऊने, ना अकराने.”

गणित होतं ५२ वजा २७. उत्तर १५.

तंत्रस्नेही सर म्हणाले, “यावर छान व्हिडिओ आहे. लिंक टाकतो.” मी म्हणालो, निष्काळजीपणा असेल. गुरुजींनी चहाचा कप कठड्यावर ठेवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वही डोळ्यांजवळ नेली.

“वरचा पाच काट मारून चार केलाय. बरोबर. आता खाली बघा. खालच्या दोनाशेजारी बारीक टिंब दिसतंय? ते टिंब नाही, तो एक आहे. पोराला घरी कोण शिकवतं?”

“आई. दहावी झालेली आहे.”

“मग झालं तर.”

गुरुजींनी समजावलं ते असं. आमच्या पिढीला आणि त्या मुलाच्या आईला शाळेत शिकवलेली रीत वेगळी. बारातून सात गेले पाच, हातचा एक. तो हातचा खाली द्यायचा : दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. हल्लीच्या पुस्तकातली रीत वेगळी. पाच दशकांतला एक दशक सोडवायचा, वर चार दशक उरतात, चारातून दोन गेले दोन. पंचवीस. दोन्ही रस्ते बरोबर. पण या मुलाला शाळेत बाईंनी सांगितलं वरचा एक कमी कर, घरी आईने सांगितलं खाली एक वाढव. गुणी मुलगा. त्याने दोघींचा मान राखला. वर चार केले, खाली तीन केले, चारातून तीन गेले एक. पंधरा.

मॅडम वहीकडे बघतच राहिल्या. मागची चार पानं उलटून पाहिली, सगळीकडे तेच टिंब. “मी पंधरा दिवस त्याला ‘लक्ष दे, लक्ष दे’ म्हणतेय,” त्या म्हणाल्या. “तो लक्ष देतोय म्हणूनच चुकतोय.”

जपानात याच व्हरांड्यातल्या गोष्टीची पद्धत करून टाकली आहे. तिला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हिबर्ट या दोघांनी १९९९ साली ‘द टीचिंग गॅप’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा अमेरिकेला त्याचा पत्ता लागला. शिक्षकांचा गट एकच पाठ घेतो. सबंध घटक नाही, एक तास. त्यावर आठवडेच्या आठवडे बसतो. वजाबाकीची सुरुवात १३ वजा ९ ने करावी की १२ वजा ७ ने, यावर तिथे वाद होतात. मुलं काय काय चुकतील याची आधी यादी करतात. मग एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, मास्तरांकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे जास्त. मग पुन्हा बसतात आणि पाठ सुधारतात. फळ्यावर कुठे काय लिहायचं हेही आधी ठरलेलं असतं आणि तास संपेपर्यंत फळा पुसत नाहीत. हे वाचून मी आमच्या फळ्याकडे पाहिलं. वर सुविचार, डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक, उजवीकडे पट आणि हजर संख्येचा तक्ता, त्याखाली दिनविशेष. गणिताला उरतो तो खालचा भाग, जिथे लिहायला मला वाकावं लागतं आणि मागच्या रांगेला उभं राहावं लागतं.

तर व्हरांड्यातली चर्चा काही थांबेना. आत आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. गुरुजी म्हणाले, “मॅडम, हातचा घोटून घ्यायचा तर दहा-दहा गणितं नका घालू. कापरेकर करून घ्या. ६१७४ गाठायच्या नादात पोरगं न सांगता पाच-सहा वजाबाक्या करतं. सगळ्या हातच्याच्या. आणि चुकलं तर ६१७४ येणार नाही, त्याचं त्यालाच कळेल.”

“येईल की,” मॅडम म्हणाल्या.

“कसं येईल?”

“मधे चुकला तरी उत्तर चार अंकीच येणार ना? मग ती नवी संख्या. तीही ६१७४ वर जाणार. चुकलेला पोरगा दोन पायऱ्या जास्त चढेल आणि बरोबर पोचेल.”

गुरुजी गप्प झाले. पस्तीस वर्षांत त्यांना कोणी असं आडवं लावलं नव्हतं. राग येईल असं वाटलं, पण त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि चहाच्या कागदी कपावर वजाबाक्या करायला सुरुवात केली. दुसऱ्या कपावर मी. जरा वेळाने तंत्रस्नेही सरही मोबाइल खिशात ठेवून खाली बसले. उत्तरांच्या अंकांची बेरीज त्यांनीच पहिल्यांदा केली. ६९९३ : सत्तावीस. ६२६४ : अठरा. ४१७६ : अठरा. दर वेळी अठरा किंवा सत्तावीस, तिसरं काही येतच नव्हतं. हातचा चुकलेली दोन गणितं मुद्दाम घालून बघितली, बेरीज लगेच फसली. म्हणजे मुलांनी प्रत्येक पायरीला अंक मिळवून बघायचे. अठरा नाही, सत्तावीसही नाही, तर मागे फिरा. मास्तरला विचारायची गरजच नाही. का येतं असं, हे गुरुजींनी कपाच्या बुडावर सिद्धही केलं, पण तेवढ्यात कोणी तरी तो कप कचऱ्यात टाकला.

मग मुलं काय चुकतील याची यादी झाली. एक पोरगं १११ चा चौथा भाऊ, म्हणजे ११११ घेणारच. घेऊ द्यावं. आणि १११२ घेतलं तर? २१११ वजा १११२, उत्तर ९९९. इथे पुढे शून्य लावून ०९९९ धरलं तर गाडी पुढे जाते आणि ६१७४ गाठते. शून्य विसरलं तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास. शून्य लावायचं हे आधी सांगायचं की मुलांना अडू द्यायचं, यावर दोन तट पडले. आवाज चढले. आतून केंद्रप्रमुख बाहेर आले आणि त्यांना वाटलं पुन्हा पेन्शन.

इतिवृत्तात या पाऊण तासाची नोंद ‘चहापान’ अशी आहे.

पाठ मॅडमच्या शाळेत ठरला. तो बघायचा तर आपापली शाळा सोडायची कशी? सहकारी शिक्षकाचा पाठ पाहायला जाणे असा रकाना आमच्या हालचाल रजिस्टरमध्ये मला तरी सापडला नाही. गुरुजींनी किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती काम. माझी शाळा शेजारच्याच वस्तीवर, म्हणून मी माझे तिसरी-चौथीचे सगळे शिलेदार रांगेत चालवत घेऊन गेलो आणि क्षेत्रभेट अशी नोंद केली. क्षेत्र बघितलं की नाही विचाराल तर वाटेत दोन द्राक्षबागा लागल्या.

पाठ रंगला. आधी वर्गात बाजार भरल्यासारखा गलका होता. मग ‘आलं, आलं’ अशा आरोळ्या आल्या आणि मग ज्यांचं अजून आलं नव्हतं त्यांची शांतता. टिंबवाल्या पोराची पहिल्याच पायरीला बेरीज फसली. तो थांबला, पेन्सिलचं टोक चावलं, खालचं टिंब खोडलं. बेरीज अठरा आली. त्याने वर पाहिलं नाही, पुढची वजाबाकी मांडली. मॅडमही त्याच्याकडे गेल्या नाहीत, कारण तसं ठरलं होतं.

११११ ठरल्याप्रमाणे एकाने घेतलंच. १११२ कोणी घेतलं नाही, पण माझ्या वर्गातल्या एका पोरीने ५५५४ घेतलं आणि ती नेमकी त्याच ९९९ पाशी आली आणि मग शून्यावर. मॅडमनी आमच्या यादीतला प्रश्न विचारला, “या ९९९ ला चौथं घर कुठलं?” पोरगी उभी राहिली. “पण आमचे सर म्हणतात, डावीकडच्या शून्याला काय किंमत नसते.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताच्या पन्हळी पत्र्याकडे पाहत होते. वादात ते शून्य आधीच सांगून टाकावं या तटाचे होते आणि हरले होते.

पाठानंतर आम्ही त्याच वर्गात पुन्हा बसलो आणि त्या एका शून्यावर भांडलो. खेळाचा नियम म्हणून सांगावं, असं मॅडम म्हणाल्या. आधी सगळ्यांच्या संख्या चार घरांच्या चौकटीत लिहून घ्याव्यात म्हणजे रिकामं घर दिसेल, असं मी म्हणालो. पोरीचं बरोबर आहे असं मान्य करून तिला तीन अंकी खेळ द्यावा, तिथे ४९५ येतं, असं गुरुजी म्हणाले. अजून निकाल लागलेला नाही. तिघांनी तीन शाळांत तीन रीतींनी करून बघायचं ठरलंय.

संध्याकाळी ग्रुपवर फॉर्म आला. सामूहिक नियोजनाची फलनिष्पत्ती, अतितात्काळ. नियोजनात सहभागी शिक्षकसंख्या, वापरलेले साहित्य, जिओ टॅग असलेले फोटो किमान दोन. साहित्याच्या रकान्यात ‘चहाचे कप’ लिहिलं तर फॉर्म परत येईल, म्हणून चार्ट पेपर लिहिलं. फोटो मात्र एकही नव्हता. काढायला कोणाचा हात रिकामा नव्हता. वेलबुट्टीवाल्या चार्टचा फोटो लावून काम भागलं. त्या गटाची जिल्ह्याच्या सादरीकरणासाठी निवड झाल्याचं नंतर कळलं.

पोरांना मात्र नादच लागला. वहीतल्या संख्या संपल्या, तेव्हा त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटी धरल्या. एमएच १५ च्या पुढे चार आकडे दिसले की पोरगं खाली बसतं आणि मातीत काडीने वजाबाक्या सुरू. माझी मोटारसायकल तीन पायऱ्यांची निघाली, दुधवाल्याची सहा. दुधवाल्याला त्याचं फार कौतुक, गावात सांगत फिरतो. मग २६ जानेवारीला झेंडावंदनाला पाहुणे आले, आमच्या भागातले एक पुढारी. पांढरी स्कॉर्पिओ, नंबर ७७७७, हौसेने जादा पैसे भरून घेतलेला. पाहुणे उतरायच्या आत चौथीची दहा-बारा पोरं गाडीभोवती. पुढाऱ्यांना वाटलं, स्वागत. ते हात जोडून हसले आणि एकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “काय रे, आवडली का गाडी?”

पोरगं प्लेटवरून नजर न काढता म्हणालं, “सर, ही तर पहिल्याच फटक्यात शून्य.”